बारीक धुराचं घर

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात एक कुंभारीण राहत होती. ते गाव शोधायला जाऊ नका, सापडायचं नाही. ते धुरात होतं.

खरंच धुरात होतं. त्या गावात माणसाची पत त्याच्या घरावरच्या धुरावरून ठरायची. दिवस कलला की घरोघरी चुलीत ओला पाला कोंबायचा आणि धूर वर सोडायचा, अशी तिथली रीत. ज्याचा धूर जाड, तो मोठा. ज्याचा धूर बारीक, त्याच्या घरी शिजवायला काही नाही असं समजायचं. पाटलांनी तर एक माणूस केवळ धूर करायला ठेवला होता. चुलीवर भांडं असो नसो, तो बिचारा डोळे पुसत पाला जाळत बसायचा.

लांबून ते गाव फार देखणं दिसे. निळसर, राखाडी, पांढरे धुराचे खांब सावकाश वर चढत, वर ढगांना मिळत, आणि मग धूर कुठे संपला नि ढग कुठे सुरू झाला ते कळेनासं होई. सगळं गावच कुणीतरी आभाळाला टांगून ठेवलंय असं वाटे. जवळून मात्र ते गाव खोकत असे. बायकांचे डोळे बाराही महिने लाल असत. लेक सासरी निघाली की आई रडतेय की तिच्या डोळ्यांत धूर गेलाय, हे कुणालाच ओळखता येत नसे.

आणि जंगल? कधीकाळी जंगल गावाच्या पाठीला टेकून उभं होतं. मग ते ओढ्यापलीकडे गेलं. मग टेकडीपलीकडे. गावातले लोक म्हणत, "जंगल सरकलं." जसं काही ते आपणहून उठून चालू लागलं होतं! लहान मुलांना ते खरंच वाटे. झाडं पायांनी कशी चालत असतील, याचा ती झोपेपर्यंत विचार करत. बायकांना मात्र त्या सरकलेल्या जंगलातून जळण आणायला भल्या पहाटे निघावं लागे आणि घरी यायला उन्हं उतरत. ज्यांना जमत नसे ते बाजारातून मोळ्या विकत घेत आणि अर्धी कमाई चुलीत घालत.

कुंभारणीचा नवरा लवकर गेला होता. पदरात एकच मुलगी, सारजा. मडकी भाजायच्या भट्टीला, म्हणजे आव्याला, लाकूड लागतं, आणि एकट्या बाईच्या डोक्यावर मोळी मावून मावणार किती? ती सगळी चुलीत घातली तर मडकी कच्ची राहणार आणि मडकी कच्ची राहिली तर चुलीवर ठेवायलाच काही नसणार. तेव्हा तिनं विचार केला. आवा पेटवला की कुंभार त्याला पेंढा, राख आणि चिखलाचं पांघरूण घालतात, म्हणून आतली धग आतच राहते. मग घरालाच तसं पांघरूण घातलं तर?

तिनं घातलं. बाहेरच्या भिंतीच्या आत हातभर जागा सोडून दुसरी भिंत उभी केली आणि मधल्या फटीत भाताचं तूस ठासून भरलं. माळ्यावर वाळल्या गवताचा जाड थर पसरला. दक्षिणेकडे एक खिडकी अशी काढली की थंडीत ऊन आत येई आणि उन्हाळ्यात वळचणीलाच अडे. चूल तिनं स्वतः घडवली. तिला शेजारी वैल होता, म्हणजे भाकरी भाजता भाजता उरलेल्या धगीवर पाणी तापत राही. चुलीच्या मागून मातीचं बारीक धुराडं वर नेलं. भाताला एक उकळी आली की पातेलं उचलून ती तुसाच्या टोपलीत दडपून ठेवी, वर गोधडी टाकी आणि चूल विझवून कामाला जाई. भात आपला आपण शिजे.

बाजारातून मोळी घ्यायची वेळ तिच्यावर येईना. तेवढे पैसे ती एका गाडग्यात टाकी. गाडगं भरलं तेव्हा मायलेकींनी मिळून काचेचं एक कौल आणलं आणि छपरात बसवलं. त्यातून उन्हाचा भाकरीच्या चतकोराएवढा तुकडा खाली पडे. सकाळी तो जात्यापाशी असे, दुपारी चुलीपाशी, उन्हं उतरताना दाराच्या उंबऱ्यावर. सारजा त्याला 'पाहुणा' म्हणे. "आई, पाहुणा चुलीशी आला, जेवायचं ना?" असं ती विचारी आणि मडकी घडवता घडवता आई हसे. त्या घरात दिवसा दिवा लागत नसे, हिवाळ्यात कुडकुडायला होत नसे, आणि खोकला कसा असतो ते सारजाला शेजाऱ्यांकडूनच कळलं होतं.

पण धूर? धूर नावाला. दिवेलागणीला त्या घरावर एक बारीक पांढरी रेघ उठे आणि लगेच विरून जाई. गाव हळहळे. दयाळू बायका येता-जाता त्यांच्या ओट्यावर गुपचूप भाकरी ठेवून जात. कुंभारीण ती ताटली परत करताना त्यात केळी घालून देई. कारण भांड्यांचं पाणी जायचं ते परसातल्या केळींना, आणि केळी अशा माजल्या होत्या की घड पेलवत नसत. बायका केळी खात आणि म्हणत, "बिचारी! असेल-नसेल ते देऊन टाकते."

इथपर्यंत सारं हसण्यावारी होतं. मग सारजा लग्नाची झाली.

त्या मुलखात सोयरीक करण्याआधी धूर पाहत. मुलाकडची वडीलधारी माणसं संध्याकाळी समोरच्या टेकडीवर उभी राहत आणि मुलीच्या घराचा धूर बघत. धूर भरलेला दिसला तर खाली उतरून घरी येत. बारीक दिसला तर तिथूनच माघारी फिरत. सारजाच्या वाटेनं दोन घरची माणसं आली. दोन्ही वेळा मायलेकी दारात रांगोळी घालून उभ्या राहिल्या, आणि दोन्ही वेळा टेकडीवरच्या पागोट्यांनी पाठ फिरवली. दुसऱ्या वेळी सारजानं रांगोळी पुसली नाही. "वाऱ्यानं जाईल ती," म्हणाली आणि आत गेली. कुंभारीण मात्र बराच वेळ ओट्यावर बसून राहिली.

तिसरं स्थळ थंडीच्या ऐन भरात आलं. शेजारची ठकूकाकू निरोप घेऊन आली आणि आल्या आल्या पदर खोचून उभी राहिली.

"ह्ये बघ, ह्ये तिसरं. घर चांगलं हाय, पोरगा गवंडीकाम करतोय. ह्ये गेलं तर चौथं यायचं न्हाई, सांगून ठेवते."

"मग मी काय करू, ठकूकाकू?"

"काय करू म्हंजे? धूर कर! एका संध्याकाळचा तर सवाल हाय. ओला पाला मी देते गाडीभर. तुझं आव्याचं लाकूड हायच साठलेलं, त्ये घाल खाली. एकदा पोरगी उजवली की मग बस तुझ्या तुसाच्या टोपलीवर."

सारजानं चाकावरचा हात थांबवला.

"आई, नगं. आपला धूर जेवढा हाय तेवढाच दिसू दे."

"दोनदा दिसला की गं," आई म्हणाली. "माझ्या घरापायी तू घरात राहिलीस. एक संध्याकाळ, सारजे. मग पुन्हा न्हाई."

आईचं मन असं असतं. आपण तिला नावं ठेवू नयेत.

त्या दिवशी उन्हं कलली आणि पुढच्या आव्यासाठी राखलेलं लाकूड तिनं चुलीत रचलं. त्यावर ओला पाला घातला, पुन्हा घातला, आणि तोंड फिरवून काडी लावली. धुराड्यातून काळाकभिन्न धूर वर गेला. पाटलांचा धूरवाला माणूस आपलं काम टाकून बघत राहिला.

टेकडीवर चार माणसं उभी होती. मुलगा, मुलाचे वडील, सोयरीक जुळवणारा मध्यस्थ आणि मुलाच्या वडिलांची थोरली बहीण. तिला सगळे आत्याबाई म्हणत. खरं तर बायका टेकडीवर येत नसत. पण त्या घरात आत्याबाईंच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

"धूर भरला!" मध्यस्थ म्हणाला. "असा धूर म्या या गावात बघितला न्हाई."

"चला," मुलाचे वडील खुशीत म्हणाले.

आत्याबाईंनी पदर नाकाला लावला आणि भाच्याच्या हाताला धरून उतरू लागल्या.

इकडे घरात भलतंच झालं होतं. गावातल्या बाकीच्या घरांना सतरा फटी, त्यातून धूर कसाही निघून जाई. हे घर तसं नव्हतंच. आतलं आत राहावं म्हणूनच ते बांधलेलं. आणि ते धुराडं तर कोरड्या काटक्यांच्या दोन ज्वाळांसाठी घडवलेलं. एवढा धूर त्याला पेलवेना. थोडा वर गेला आणि बाकीचा घरातच फिरू लागला. काचेच्या कौलावर काजळी धरली. सारजाचा पाहुणा उंबऱ्याला न पोचताच मध्येच विझला.

पाहुणेमंडळी दारात आली आणि दार उघडताच धुराचा लोट त्यांच्या अंगावर आला. वडिलांनी डोळे पुसत "वा!" म्हटलं. धुरानं स्वागत होणं म्हणजे तिथे मानाचंच होतं. पण आत्याबाई उंबऱ्यावर मटकन बसल्या. त्यांना असा खोकला लागला की थांबेचना. एक श्वास आत जाई आणि चार बाहेर येत. ओठ निळे पडायला लागले.

"हिचं असंच हाय," वडील म्हणाले. "चाळीस वर्सं चुलीपुढं गेली, छाती गेली. बारा वर्सं घरात झोपत न्हाई, ओसरीवरच असती. तुम्ही मनावर घिऊ नका. होऊ द्या तुमचं."

सारजानं आत्याबाईंकडे पाहिलं. मग चुलीकडे पाहिलं. पाहुणे दारात असताना चूल विझवणं म्हणजे त्या गावात सोयरिकीवरच पाणी ओतणं. हे तिला ठाऊक होतं, आईला होतं, कुंपणावरून डोकावणाऱ्या ठकूकाकूलाही होतं. ठकूकाकू तोंडावर हात ठेवून "नगं, नगं" अशी मान हलवत होती.

सारजानं हंडा उचलला आणि चुलीत उपडा केला.

चर्र झालं, राखेचा फुफाटा उठला आणि सगळं शांत झालं. तिनं खिडकी उघडली, दार सताड उघडलं, आत्याबाईंना काखेत धरून खिडकीशी बसवलं आणि त्यांची पाठ चोळत राहिली. डोंगरावरचा गार वारा घरातून एकदा फिरून गेला आणि जाताना धूर घेऊन गेला.

"ह्यो अपमान हाय," मध्यस्थ म्हणाला.

तेव्हा कुंभारीण पुढे झाली. तिचे डोळे लाल होते, आणि या खेपेला ते धुरानं नव्हते. "अपमान न्हाई, दादा. लबाडी हाय, आणि ती माझी हाय. पोरगी नगं म्हणत होती. ह्यो धूर आमचा न्हाई. आमचा धूर बारीक असतो. दोन काटक्यांत आमचं भागतं. माझ्या लेकीला कुणी माघारी धाडू नये म्हणून म्या आव्याचं लाकूड जाळलं. आता मडकी कशानं भाजायची, त्येही ठाव न्हाई मला."

मुलाच्या वडिलांनी पागोटं सारखं केलं. "चला," ते म्हणाले. "उठ अक्का."

"तू जा," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा श्वास आता जागेवर आला होता. "म्या जरा बसते."

बहीण उठेना, तर भावानं जायचं कसं? पुरुष माणसं ओट्यावर जाऊन बसली. बाहेर थंडी मी म्हणत होती. आत सारजानं खिडकी पुन्हा लावून घेतली, कोपऱ्यातली तुसाची टोपली ओढली, गोधडी काढली आणि भाताचं पातेलं बाहेर घेतलं. झाकण उघडताच वाफ वर आली. पांढरी, ओलसर, भाताच्या वासाची वाफ.

"चूल तर विझली," आत्याबाई म्हणाल्या. "मग ह्यो भात गरम कसा?"

"सकाळी एक उकळी दिली व्हती, दुपारी आन् एक. मग ह्या टोपलीनं धरला."

आत्याबाईंनी एक घास खाल्ला, मग दुसरा. त्यांनी भिंतीला पाठ टेकली. भिंत गार नव्हती. दिवसभराचं ऊन तिनं अजून सोडलं नव्हतं. खिडकीतून डोंगराच्या मागे उरलेला उजेड येत होता आणि घरभर भाताचा वास होता. आत्याबाईंना त्यांच्या लहानपणचं काहीतरी आठवलं, जंगल अजून घरामागे होतं तेव्हाचं, झाडांच्या आवाजात झोप लागायची तेव्हाचं. त्या काही बोलणार होत्या, पण त्याआधीच त्यांचे डोळे मिटले.

ओट्यावरच्यांना गारठा सोसेना. आधी मध्यस्थ आत आला, "जरा पाणी घेतो" म्हणून, आणि आतच राहिला. मग वडील आले. शेवटी मुलगा आला. तो सरळ भिंतीपाशी गेला आणि तिच्यावर तळहात ठेवून उभा राहिला.

"हिच्यात काय भरलंय?" त्यानं सारजाला विचारलं. तो तिच्याशी बोललेला पहिला शब्द हा असा होता.

"तूस."

"ओल धरत न्हाई?"

"खाली दगडाचा थर हाय. आणि वर माळ्यापर्यंत सारवलंय, वारा जात न्हाई."

"आमच्याकडं भाताचं तूस उकिरड्यावर टाकत्यात," तो म्हणाला, आणि पुन्हा भिंत दाबून पाहू लागला. सारजाला हसू आलं, पण तिनं ते पदरात ठेवलं.

सकाळी सारजानं माळ्यावर चढून कौलाची काजळी पुसली. उन्हाचा चतकोर खाली उतरला तो नेमका आत्याबाईंच्या हातावर. त्यांनी डोळे उघडले, हाताकडे पाहिलं, मग छपराकडे, मग भावाकडे. भाऊ त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "तू रातभर खोकली न्हाईस. आणि घरात झोपलीस."

आत्याबाईंनी उन्हाची मूठ वळली, जणू ते धरून ठेवता येतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिथे धुराचा मागमूसही नव्हता, त्यामुळे ते कशाचं पाणी आहे हे सगळ्यांना कळलं.

"विहीणबाई," त्यांनी हाक मारली.

कुंभारणीला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलावतायत. मग ती हात पुसत पुढे आली.

"तुमची पोरगी आमाला हवी, तिची मर्जी असंल तर. पण माझी एक अट हाय. सून म्हणून यायच्या आधी तिनं माझ्या घरात एक चूल बांधायची. असलीच. मला माझ्या घरात झोपायचंय." मग त्या भावाकडे वळल्या. "आणि विहीणबाईंचं आव्याचं लाकूड जळलं ते आपल्यापायी जळलं. आपल्याकडं माळ्यावर दिखाव्याच्या धुराला रचून ठेवलंय त्यातलं त्यास्नी धाडून दे."

"आणि तू काय म्हणतीस?" आईनं सारजाला विचारलं.

सारजानं त्या गवंड्याकडे पाहिलं. त्याचा हात अजून भिंतीवरच होता.

"भिंती त्येनं बांधाव्या," ती म्हणाली. "चूल मी बांधीन."

लग्न झालं. पाठवणीच्या दिवशी मुलीबरोबर काय द्यायचं असतं, ते सगळं कुंभारणीकडे कुठलं असायला? तिनं गाडग्यातल्या पैशांतून नवं काचेचं कौल आणलं आणि मऊ धडप्यात गुंडाळून लेकीच्या मांडीवर दिलं. गाडी टेकडी चढू लागली तेव्हा धडपं जरा सुटलं, कौलावर ऊन पडलं, आणि उन्हाचा एक चतकोर गाडीबरोबर वाटेच्या कडेकडेनं उड्या मारत निघाला. आई तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभी होती आणि ढसाढसा रडत होती. या खेपेला कुणी विचारलं नाही की ही रडतेय का धूर गेलाय.

पुढे काय झालं ते सावकाश झालं. पहिल्यांदा ठकूकाकू आली. "तुझं त्ये तुसाचं काय त्ये दाखीव गं," म्हणाली, जशी काही सहज आली होती. मग तिची जाऊ आली. मग एक दिवस पाटलांचा धूरवाला माणूस आला, धन्याला न सांगता, आपल्या स्वतःच्या घरासाठी. ज्याच्या चुलीला वैल झाला त्याच्या बायकोला दुपार मिळाली. ती तिचं काय करावं हे न कळून आधी नुसती दारात बसली. ज्याच्या भिंतीत तूस गेलं त्याच्या घरच्या मोळीचे पैसे गाडग्यात पडू लागले. गावावरचे धुराचे खांब एकेक करून बारीक झाले आणि वरचं आभाळ, जे त्या गावच्या मुलांना राखाडी रंगाचंच असतं असं वाटे, ते निळं निघालं.

आणि काही वर्षांनी जंगल परत आलं. आधी टेकडीच्या अलीकडे, मग ओढ्याच्या काठाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, फक्त हाकलायचं सोडलं होतं.

सोयरीक जुळवणारे मात्र अडचणीत सापडले. संध्याकाळी ते टेकडीवर उभे राहत, डोळ्यांवर हात धरत, आणि त्यांना काही म्हणता काही कळत नसे. कुठलंच घर दुसऱ्याहून मोठं दिसत नसे. शेवटी ते खाली उतरत, दार वाजवत, आत येऊन बसत आणि भिंतीला पाठ टेकून बघत.

तात्पर्य: घराची श्रीमंती त्यातून बाहेर किती जातं यावर नसते, आत किती राहतं यावर असते. आणि ती टेकडीवरून दिसत नाही, आत येऊन बसावं लागतं.